ट्रिमला हात लावण्याआधी: काकांना एक जाहीर आभारपत्र

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं, 'कष्टाळू' आणि 'मनमिळाऊ' हे शब्द पुन्हा पुन्हा आले. ट्रान्समीटरपुढे, म्हणजे दाब किंवा प्रवाह मोजून तो करंटच्या रूपात कंट्रोल रूमला कळवणाऱ्या यंत्रापुढे, उभे राहिलात की तुम्ही नेमकं काय करायचात, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कोण? इन्स्ट्रुमेंटची माणसं मागच्या रांगेत होती आणि माइक पुढे. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून धाटाव, तळोजा, लोटे, कुरकुंभच्या कारखान्यांत ट्रान्समीटरशी बोलणारं हॅन्डहेल्ड यंत्र पहिल्यांदा हातात घेणाऱ्या मुलामुलींनी ते वाचलं, तर आभारांचा काही उपयोग तरी होईल.

कॉलेजात हार्ट प्रोटोकॉल, म्हणजे ट्रान्समीटर आणि हॅन्डहेल्डची बोलण्याची भाषा, एका पानात संपला होता. ४ ते २० मिलिअँपच्या करंटवर अर्धा मिलिअँप वर-खाली होणारा सिग्नल चढवायचा. १२०० हर्ट्झ म्हणजे १, २२०० हर्ट्झ म्हणजे ०. सरासरी शून्य, त्यामुळे मूळ करंट ढळत नाही. परीक्षेत एवढं लिहिलं की सुटलो. तुम्ही शॉपमधल्या बेंचवर २५० ओहमच्या रेझिस्टरला कपॅसिटरमधून एक जुना स्पीकर जोडलात. हॅन्डहेल्डने हाक मारल्याबरोबर स्पीकर करकरला आणि लगेच पलीकडून उत्तराची करकर आली. "बघ, बोलतायत दोघं," एवढंच म्हणालात. मग त्या रेझिस्टरला वायरने शॉर्ट केलंत. स्पीकर गप्प, आणि हॅन्डहेल्डच्या स्क्रीनवर 'डिव्हाइस नॉट फाउंड'.

हे सूर जुन्या टेलिफोन मोडेमचे, बेल २०२ मानकातले. रोझमाउंटने १९८० च्या दशकात ते ट्रान्समीटरसाठी वापरले आणि पुढे सगळ्यांना खुले केले, हे मी नंतर वाचलं. पण लूपमध्ये, म्हणजे सप्लाय आणि ट्रान्समीटर जोडणाऱ्या तारांच्या फेऱ्यात, निदान २३० ओहम नसतील तर २४ व्होल्टचा सप्लाय तो सिग्नल गिळून टाकतो, हे त्या शांत झालेल्या स्पीकरने शिकवलं. आता ट्रान्समीटर उत्तर देत नसला की मी त्याला शिव्या घालत नाही. आधी रेझिस्टन्स बघते, मग क्लिपा सप्लायच्याच दोन टोकांना तर लावल्या नाहीत ना, ते बघते.

खरं ऋण मात्र पुढच्या गोष्टीचं आहे. हॅन्डहेल्डच्या स्क्रीनवर प्रेशर दिसतं, मिलिअँप दिसतात, टक्के दिसतात, दशांशानंतर तीन-तीन आकडे. बघणाऱ्याला वाटतं, मोजमाप झालं. तुम्ही विचारायचात, "हे कोण सांगतंय?" सांगतोय ट्रान्समीटरच. त्याला जे वाटतं तेच तो हॅन्डहेल्डला कळवतो. "आपल्याच घड्याळात बघून आपलं घड्याळ बरोबर आहे म्हणण्यासारखं झालं हे," असं तुम्ही म्हणालात, आणि फ्लूक ७५४ कॅलिब्रेटरची पिवळी पेटी उघडलीत. हॅन्ड पंपाने प्रेशर द्यायचं, ते प्रेशर मॉड्यूलने मोजायचं, करंट कॅलिब्रेटरने मोजायचा आणि त्याच यंत्रातून हार्टने ट्रान्समीटरचं म्हणणंही वाचायचं. म्हणजे तीन आकडे झाले: खरोखर दिलेलं प्रेशर, ट्रान्समीटरला वाटलेलं प्रेशर, आणि खरोखर बाहेर पडलेला करंट. पहिल्या दोनांत फरक असेल तर सेन्सर ट्रिम, म्हणजे ट्रान्समीटरचं वाचन खऱ्या आकड्याशी जुळवणं. ट्रान्समीटर म्हणतो १२.००० मिलिअँप आणि तारेत वाहतात १२.०६, म्हणजे स्पॅनच्या, ४ ते २० मधल्या १६ मिलिअँपच्या, ०.३७५ टक्के चूक, तर आउटपुट ट्रिम. तिन्ही जुळतात आणि तरी कंट्रोल रूममध्ये आकडा वेगळा, तर ट्रान्समीटर सोडून तिथल्या, करंट वाचणाऱ्या इनपुट कार्डाकडे जायचं. तिथे २५० च्या जागी २५२ ओहमचा रेझिस्टर बसला असेल तर १२ मिलिअँपला ५० टक्क्यांऐवजी ५०.६ दिसतात, आणि फील्डमध्ये कितीही ट्रिम केलं तरी ते खोट्याला खोटं जोडणं होतं.

आणि रेंज बदलणं म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. हे वाक्य तुम्ही इतक्या वेळा ऐकवलंत की अप्रेंटिस मुलं पाठीमागे तुमची नक्कल करायची. तुम्हाला ते माहीत होतं, असा माझा अंदाज आहे.

त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो बॉयलरच्या स्टीम फ्लोमुळे. वार्षिक तपासणी संपली होती. लाइन बंद, वाफ नाही, तरी डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या संगणकावर, तासाला १ टन वाफ जात होती. ट्रान्समीटर ० ते २५०० मिलिमीटर पाण्याच्या रेंजचा, करंट ४.१६. म्हणजे डीपी, दोन बाजूंच्या दाबांतला फरक, जेमतेम एक टक्का. पण फ्लो काढायला डीसीएस त्याचं वर्गमूळ काढतं, आणि एक टक्क्याचं वर्गमूळ दहा टक्के. स्केल १० टनांचं, म्हणून १ टन. प्रॉडक्शनवाले मागे उभे राहून घाई करत होते. ठेकेदाराकडचा तंत्रज्ञ म्हणाला, एलआरव्ही, म्हणजे रेंजचं खालचं टोक, २५ करून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे. करंट खरंच ४.०० झाला असता. फक्त वरचं टोक २५०० लाच राहून स्पॅन २४७५ झाला असता, आणि डेटाशीटमध्ये शून्यच लिहिलेलं राहिलं असतं.

तुम्ही त्याला रागावला नाहीत. "थांब जरा, त्याला विचारू तरी," म्हणालात आणि मॅनिफोल्डशी, ट्रान्समीटरच्या व्हॉल्व्हांच्या ठोकळ्याशी, गेलात. दोन्ही ब्लॉक व्हॉल्व्ह बंद, मग दोन्ही बाजू जोडणारा इक्वलायझर उघडा. हा क्रम माझ्याकडून आधी वदवून घेतलात. दोन्ही ब्लॉक आणि इक्वलायझर एकाच वेळी उघडे राहिले तर चालू लाइनवर कंडेन्सेट पॉटमधलं, वाफ अडवून धरणारं पाणी एका बाजूने दुसरीकडे वाहून जातं आणि जिवंत वाफ थेट डायाफ्रामवर, ट्रान्समीटरच्या पातळ पडद्यावर, येते. इक्वलायझर उघडला. हॅन्डहेल्डवर डीपी २५ वरून घसरला आणि शून्यावर थांबला.

ट्रान्समीटर निर्दोष होता. तपासणीत इम्पल्स लाइन, म्हणजे ट्रान्समीटरपर्यंत दाब आणणाऱ्या नळ्या, खोलल्या होत्या, भरताना लो साइडच्या पॉटमध्ये पाणी २५ मिलिमीटर कमी राहिलं होतं. स्क्रीनवरचे ते २५ म्हणजे बोटाच्या एका पेराएवढं पाणी. तुम्ही फिलिंग प्लग उघडून दोन्ही पॉट भरून घेतलेत, डीसीएसवरचा फ्लो शून्यावर आला, आणि ट्रान्समीटरमध्ये कुणी एक अक्षरही बदललं नाही.

मी त्या रात्री वहीवर गणित मांडून बघितलं. समजा त्या २५ लाच शून्य ठरवणारं झीरो ट्रिम केलं असतं. बॉयलर चालू झाल्यावर वाफेचं पाणी होऊन तो पॉट आपोआप भरला असता, आणि आपण 'दुरुस्त' केलेला ट्रान्समीटर प्रत्येक डीपी २५ ने कमी दाखवू लागला असता. २५० मिलिमीटर डीपीला खरा फ्लो ३.१६ टन, दिसले असते ३. आणि तासाला टनभरापर्यंतची वाफ तर दिसलीच नसती. मग पुढच्या महिन्यात स्टीमचा ताळेबंद जुळत नाही म्हणून कुणीतरी पुन्हा हॅन्डहेल्ड घेऊन आला असता. अशी एकावर एक चढलेली 'ॲडजस्टमेंट' मी नंतर बऱ्याच टॅगांवर, म्हणजे नंबर दिलेल्या उपकरणांवर, पाहिली. हॅन्डहेल्डचा तोटा असेल तर हाच, की चुकीचं काम त्याने फार सोपं केलं. पूर्वी झीरो-स्पॅनचे स्क्रू फिरवायला निदान कव्हर तरी उघडावं लागायचं.

तुमची डायरी आठवते. प्रत्येक टॅगसमोर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने. 'आधी'चा रकाना भरल्याशिवाय कुणी ट्रिमचा मेनू उघडलेला तुम्हाला खपत नसे. ०, २५, ५०, ७५, १०० टक्के चढत्या क्रमाने, मग तसेच उतरत्या. चढताना पंप जरा जास्त दाबला गेला तर प्रेशर सोडून मागे यायचं नाही, पुन्हा खालून सुरू करायचं. नाहीतर हिस्टेरिसिस, म्हणजे चढताना आणि उतरतानाच्या वाचनांतला फरक, दिसणारच नाही. मला तेव्हा हा वेळखाऊपणा वाटायचा. पण बऱ्याच टॅगांच्या 'आधी' आणि 'नंतर'मध्ये तेच आकडे असायचे, म्हणजे तपासलं आणि काही केलं नाही. ऑडिटला आलेल्या गृहस्थांनी त्यावर विचारलं, "मग काम काय केलंत?" तुमचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

काही गोष्टी भराभर सांगते, कारण त्या नव्यांच्या कामाच्या आहेत आणि तुमच्या आहेत. ॲब्सोल्यूट प्रेशर ट्रान्समीटर हवेला मोकळा करून त्याला झीरो ट्रिम द्यायचं नाही; तो निर्वातापासून मोजतो, म्हणून त्या जागेचा हवेचा दाब, समुद्रसपाटीला १०१३ मिलिबारच्या आसपास, दाखवतोय म्हणजे बरोबर काम करतोय. वर्गमूळ ट्रान्समीटरमध्ये काढलंय की डीसीएसमध्ये हे कॅलिब्रेशनच्या आधी बघायचं: २५ टक्के डीपीला कुठे ८ मिलिअँप बरोबर असतात, तर कुठे १२. लूप टेस्टने करंट अडकवून ठेवला असेल तर तो सोडल्याची खात्री करायची. गॅस टेस्ट आणि परमिटशिवाय साधा कॅलिब्रेटर धोक्याच्या भागात न्यायचा नाही, मग साहेब स्वतः उभे असले तरी.

आणि कंट्रोल रूम. हॅन्डहेल्ड ट्रिम करण्याआधी इशारा देतो, लूप ऑटोमॅटिकमधून काढा. बहुतेक जण तो न वाचता 'ओके' दाबतात. तुम्ही प्रत्येक वेळी वॉकीटॉकीवर टॅग नंबर एकेका आकड्याने उच्चारायचात, पॅनेलवाल्याकडून तोच परत वदवून घ्यायचात, लूप मॅन्युअलला गेल्याचं ऐकायचात, इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच आपोआप बंद पाडणारी सोय, असेल तर बायपासची सही कागदावर बघायचात, आणि मगच क्लिप लावायचात. पॅनेलवरचे नवे ऑपरेटर हसायचे. जुने हसत नसत.

मला तुम्ही सगळ्यांत आधी क्लिप लावायला दिलीत तेव्हा शॉपमध्ये कुजबुज झाली होती, की मुलीला फील्डला कशाला, तिला रेकॉर्ड लिहू दे. तुम्ही त्यावर भाषण केलं नाहीत. पंप माझ्या हातात दिलात, डायरी त्या बोलणाऱ्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही आकडे सांगेल, तू लिही." त्याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते: काका, मनापासून आभार.

शॉपची खबर द्यायची तर नवा कॅलिब्रेटर आलाय, निकाल थेट संगणकात जातात. 'आधी'चा रकाना त्यातही आहे, पण तो रिकामा ठेवून पुढे जाता येतं, हे पोरांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. म्हणून एक विनंती आहे. पुढच्या शटडाऊनआधी नव्या अप्रेंटिसांची बॅच बेंचवर बसवणार आहे. एक दिवस याल का? गेट पास मी काढून ठेवते, सेफ्टी शूज मात्र तुमचे तुम्ही आणा, स्टोअरमध्ये तुमच्या मापाचे अजूनही नाहीत. स्पीकर कपाटात आहे, त्याची एक वायर तुटली होती ती जोडून घेतली आहे.

काकूंना नमस्कार.

तुमची,
इन्स्ट्रुमेंट शॉपमधली विद्यार्थिनी