शेतात सापडणाऱ्या धातूच्या वस्तूंबद्दल

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या येळ्ळूर भागात हल्ली पोरं ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवून नांगरलेल्या शेतात फिरायलेत, आणि मिळालं काही की व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून विचारतात हे काय हो. निम्म्या वेळा बैलाच्या नालाचा तुकडा नाहीतर ट्रॅक्टरचा वायसर असतोय! पण करड्या-पांढऱ्या रंगाची, आकाराच्या मानाने लय जड, लोहचुंबकाला न चिकटणारी गोळी असली तर ती शिशाची, जुन्या बंदुकीची असू शकते. हिरवं चढलेलं तांब्याचं नाणं असलं तर भिंग घेऊन बघा, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' म्हणजे शिवराई.

फक्त चिंच लावून घासू नका हो, आहेत ती अक्षरं पण जातात, आणि असं केलेली नाणी बघून जीव जळतो. दुसरं म्हणजे आपल्या कर्नाटकात 1962 चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा आहे, जमिनीत पुरलेली मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायला लागतंय, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. तुमच्या पेपरात आठवड्याला एक फोटो छापून जाणकारांकडून ओळख देता आली तर बघा की.

- एक वाचक, बेळगाव तालुका