बेंचच्या कडेवरचा हात

आई-बाबा,

तुम्हा दोघांना सप्रेम सलाम.

आधी एक कबुली देतो, पूर्ण वाचल्याशिवाय फोन करू नका. मागच्या महिन्यात आठ-दहा दिवस मी फोनवर घाईघाईत बोलत होतो ना, आई तू दोनदा विचारलंस पण की आवाज असा का येतोय, तर तेव्हा हिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. आता ही अगदी बरी आहे, टाके निघाले, चालते फिरते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या गुडघ्यांनिशी, त्या बीपीनिशी लगेच निघाला असता, म्हणून नाही सांगितलं. चुकलं असेल तर माफ करा. पण त्या रात्री जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, आणि फोनवर ते नीट सांगता येणार नाही.

रात्री अकराच्या सुमारास पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना, हॉस्पिटलमध्ये नेलं तर डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स फुटलंय, आत्ताच घ्यावं लागेल. छोटीला ठेवायला कुणी नाही म्हणून ती माझ्या खांद्यावर झोपलेली, एका हातात फाइल, फोनची बॅटरी संपत आलेली. चर्चमधल्या दोघांना फोन लावून बघितला, रात्री दोन वाजता कोण उचलणार, त्यांचा काही दोष नाही. हिला आत नेलं आणि तो दरवाजा बंद झाला तेव्हा बाबा, खरं सांगतो, मला नीट प्रार्थना पण सुचत नव्हती. एवढंच म्हणत होतो की प्रभू, कुणाला तरी पाठव. आणि मनात जे चेहरे होते ते सगळे आपल्या मंडळीतलेच होते.

कॉरिडॉरमध्ये समोरच्या बेंचवर एक काका बसले होते. बाबा, तुमच्याच वयाचे. त्यांचा मुलगा आयसीयूत होता, सहा दिवस झालेले, हे मला नंतर कळलं. ते आपल्या विश्वासातले नाहीत. ते उठून आले, काही न बोलता चार्जर पुढे केला, मग अंगातला स्वेटर काढून त्याची गुंडाळी केली, बेंचवर ठेवली आणि म्हणाले, पोरीला इथे झोपवा, तुमचा खांदा भरून आला असेल. तेवढ्यात नर्सने सही करायला बोलावलं. मी घुटमळलो, अनोळखी माणसाजवळ लेकरू कसं सोडायचं. सही करायची जागा दहा पावलांवर, तिथून सगळं दिसत होतं, तरी तीनदा मागे वळून बघितलं. ते तिच्या शेजारी बसले होते आणि त्यांनी एक हात बेंचच्या बाहेरच्या कडेला धरून ठेवला होता, झोपेत ती कूस बदलून खाली पडू नये म्हणून. नुसता हात, कठड्यासारखा.

मी परत आलो तरी त्यांनी हात काढला नाही. म्हणाले, तुम्ही जरा डोळे मिटा, मला तशीही झोप येत नाही. मी भिंतीला टेकलो आणि बसल्या बसल्या झोप लागली, अशा वेळी झोप कशी लागली देव जाणे. साडेचारला डॉक्टरांच्या आवाजाने जाग आली, ऑपरेशन नीट झालं म्हणाले. मी बाजूला बघितलं तर तो हात तसाच होता. बेंचच्या पत्र्याची कड मनगटाच्या वर रुतून लाल वळ उठला होता. मी काहीतरी आभाराचं बोलायला गेलो तर ते म्हणाले, तुम्ही मघाशी डोळे मिटून प्रार्थना करत होता ना, म्हणून मी आधी बोललो नाही, मधे कशाला बोलायचं.

म्हणजे मी ज्याला हाक मारत होतो त्याचं उत्तर समोर बसून माझी प्रार्थना संपायची वाट बघत होतं.

घरी आल्यावर मी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढून 27 आणि 28 वा अध्याय परत वाचला, प्रेषित पौलाला कैदी म्हणून नेणारं जहाज फुटतं तो. बाबा, तुम्ही आम्हाला संध्याकाळच्या प्रार्थनेत तो वाचून दाखवायचात तेव्हा आमचं सगळं लक्ष वादळाकडे आणि पौलाच्या हाताला लटकलेल्या सापाकडे असायचं. चौदा रात्री समुद्रात भरकटलेलं जहाज, 276 माणसं, कुणी पोहत कुणी फळ्यांना धरून कसंबसं किनाऱ्याला लागलं. आणि वर पाऊस, थंडी. तिथल्या बेटावरच्या लोकांनी काय केलं तर शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना जवळ घेतलं. त्यांनी ख्रिस्ताचं नाव तोपर्यंत ऐकल्याचं पण कुठे लिहिलेलं नाही, आणि आलेल्यांत कैदी किती शिपाई किती हे पण कुणी विचारल्याचं लिहिलेलं नाही. त्या लोकांच्या ममतेला हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने मूळ ग्रीकमध्ये जो शब्द वापरलाय तो फिलान्थ्रोपिया, माणसावरची माया. नव्या करारात हा शब्द या रूपात अजून एकाच ठिकाणी येतो, तीताच्या पत्रात 3:4 ला, आणि तिथे तो आपल्या तारणाऱ्या देवाच्या प्रीतीसाठी आहे. मी बायबल बंद करून बराच वेळ तसाच बसलो होतो. भिजलेल्या अनोळखी लोकांसाठी पेटवलेली शेकोटी आणि देवाने आपल्यावर केलेली प्रीती, दोन्हीला एकच शब्द. मला तर त्या शब्दाबरोबर तो मनगटावरचा लाल वळच दिसतो. वधस्तंभावरची प्रीती मी लहानपणापासून ऐकतोय, मानतो पण, पण आपण काही देण्याच्या लायकीचे नसताना त्याने आपल्याला धरलं हे म्हणजे नक्की काय ते मला त्या बेंचवर कळलं. मी तर झोपलो होतो.

आता बाबा, जरा तुमच्याशी. आई सांगत होती की वरच्या मजल्यावरचा मुलगा औषधं आणून देतो म्हणाला तर तुम्ही नको म्हणालात, आपण कुणाचे उपकार घेत नाही म्हणून. मी पण तुमचाच मुलगा, त्या रात्री चार्जर घेताना सुद्धा माझ्या तोंडून आधी नको नकोच निघालं. पण योहान 13 मध्ये प्रभू शिष्यांचे पाय धुवत होता तेव्हा पेत्र काय म्हणाला आठवा, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, आणि प्रभूने त्याला काय उत्तर दिलं, की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पेत्राला वाटत होतं तो प्रभूचा मान राखतोय. बाबा, त्या मुलाला औषधं आणू द्या ना. आई तू पण पिशवी उचलायला कुणी पुढे आलं तर देत जा, गुडघा दुखत असताना हट्ट नको.

त्या काकांचा चष्मा तुटला होता, म्हणून पुढचे चार दिवस त्यांच्या मुलाचे रिपोर्ट मी वाचून दाखवत होतो. एवढंच माझ्या हातून झालं. काल त्यांचा फोन आला होता, मुलगा आता उठून बसतोय, पण अजून जेवण नीट जात नाही. त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे प्रार्थना करतात ना, मग त्याच्यासाठी पण करा. रविवारी फोन करतो तेव्हा नाव सांगेन, बाबा तुमच्या त्या प्रार्थनेच्या वहीत लिहून घ्या, आणि आजपासून नावाशिवायच सुरू करा.

तुमचा,
लेक