आधी वय विचारा, मग पुस्तक द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की 'मुलांनी काय वाचावं' अशी यादी पेपरात येतेच, यंदा तुमच्याकडेही आली. त्यातलं एकही पुस्तक वाईट नाही हो, पण चार वर्षांचं पोर आणि चौदा वर्षांचा घोडा एकाच पंगतीला बसवलेत, कुणाला काय वाढायचं याचा पत्ताच नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या सोसायटीत जिन्याखाली दोन लोखंडी रॅक आहेत, तीच आमची लायब्ररी. दर रविवारी सकाळी मी तिथे खुर्ची टाकून बसते, वहीत नावं लिहिते. त्या रॅकमध्ये 'श्यामची आई'च्या ७ प्रती आहेत आणि एकही आम्ही विकत घेतलेली नाही, सगळ्या पोरांना बक्षीस मिळालेल्या! एका मुलीला तर तिसरीत एक आणि पाचवीत परत एक मिळाली, आत शाळेचा शिक्का, पानं करकरीत, उघडलेली पण नाहीत. याउलट 'फास्टर फेणे'चा एक भाग आहे त्याचं कव्हर कधीच गेलं, पाठीला खाकी टेप लावलाय आणि तरी वहीत त्याच्यासाठी नंबर असतो. फुरसुंगीचा हडकुळा पोरगा, सायकल, ते 'टॉक्', ८-९ वर्षांच्या मुलाला अजून काय पाहिजे? पोरं सिनेमा बघून येतात आणि भा. रा. भागवतांकडे अडकतात. फेणे संपला की मी त्यांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न पुढे करते, कोणी घेतं कोणी नाही.

अगदी लहानांसाठी, म्हणजे ३ ते ५, माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर'. घरातल्या एकेका माणसावर छोटं छोटं पुस्तक, चित्रंही त्यांचीच. यात शिकवण वगैरे काही नाही हो, म्हणून काही आयांना ते 'एवढंसंच?' वाटतं. पण पोर तेच पुस्तक वीस वेळा वाचून घेतं, करा काय ते. विंदा करंदीकरांच्या बालकविताही याच वयाला सुरू करा, 'एटू लोकांचा देश', 'राणीची बाग', पण मोठ्यानं वाचा, मनात वाचल्या तर निम्मी मजा जाते.

एक मुलगा सहावीतला, गोष्ट म्हटली की तोंड वाकडं. त्याची आई म्हणायची याला वाचायचा कंटाळाच आहे. मी त्याला विचारलं तुला आवडतं काय, तर म्हणाला कुत्रे, मांजरं, साप. त्याला विलास मनोहरांचं 'नेगल' दिलं, गडचिरोलीच्या जंगलात, हेमलकशाला प्रकाश आमट्यांकडे वाढलेला बिबट्या, खरीखुरी हकीकत. पुढच्या रविवारी आला तो मोबाईलवर हेमलकसा शोधूनच, 'काकू, इथून किती तास लागतात?' म्हणजे कंटाळा वाचायचा नव्हता, त्याला 'एक होता राजा' नको होता एवढंच. अशा मुलांना माहितीची, चरित्रांची पुस्तकं द्या की. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', अमेरिकेतल्या शेतीच्या शास्त्रज्ञाचं चरित्र, १२-१३ला मस्त जातं. आणि जे पोर पुस्तक हातातच धरत नाही त्याला 'चिंटू'चा संग्रह द्या, तीन-चार चौकटी वाचणं पण वाचणंच आहे. नाटकं तर यादीत कोणी घालतच नाही. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' आम्ही गणपतीत वाटून वाचलं, चिंची चेटकिणीसाठी भांडणं झाली!

अजून एक घोळ नेहमी होतो. पुस्तकात लहान मुलगा आहे म्हणजे ते लहान मुलांचंच, असं नसतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन मला जीव की प्राण, पण त्याच्या गोष्टींचं 'वनवास' चौथीतल्या पोराला दिलंत तर ते चार पानांत ठेवून देईल आणि पुढे कधी उघडणार नाही. १४-१५ होऊ द्या. त्याआधी नऊ-दहाला 'तोत्तोचान' आहे ना, आगगाडीच्या डब्यातली शाळा, ती वाचून आमच्याकडची एक मुलगी आईला म्हणाली मला तिथेच घाल.

पैशाचं म्हणाल तर बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट आहेत. पालकांनीच वाचत बसू नये म्हणजे झालं.

तर विनंती एवढीच, पुढच्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे वय टाका, आणि कव्हरचे फोटो कमी करून आतला एखादा परिच्छेद छापा, पोरं त्यावरच ठरवतात.

ता. क. साने गुरुजींवर माझा राग नाही हं, उगाच पत्रं पाठवू नका. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं आणि प्रकरणांना नावंच दिली रात्र पहिली, रात्र दुसरी. म्हणजे श्याम रोज थोडं थोडं सांगतो आणि बाकीचे ऐकतात, एकट्या आठ वर्षांच्या पोराच्या हातात बक्षीस म्हणून कोंबायचं ते पुस्तकच नाही. त्या ७ प्रतींतली एक मी घरी आणली, नातवाला रोज रात्री एक वाचून दाखवते. परवा सातवी झाली, पत्रावळीची. तेव्हापासून त्याला पत्रावळ लावायचीय आणि मी पळसाची पानं कुठे मिळतात ते विचारत फिरतेय.

आपली,
जिन्याखालची लायब्ररीवाली काकू, सातारा