भार प्रेषण केंद्रातल्या मॅडमना अनावृत आभार पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही छापायचे नाही, ही तुमची अट मान्य करूनच हे पत्र लिहीत आहे. खाजगीत आभार मानले असतेच. परंतु विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या केंद्रातल्या अनुभवाच्या बळावर, राज्याच्या ग्रिडचे, म्हणजे वीजजाळ्याचे, गणित संगणकावर मांडायला तुम्ही जे शिकवले ते विद्युत प्रणालीवर काम करणाऱ्या इतर प्राध्यापकांच्या आणि एम.टेक.च्या विद्यार्थ्यांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने ते सर्वांसमोर मांडते आहे.

ऑप्टिमल पॉवर फ्लो, म्हणजे आपल्या बोलण्यातले ओपीएफ, हे गणित फ्रान्सच्या कार्पांतिए यांनी १९६२ मध्ये मांडले. मागणी भागली पाहिजे, एकही पारेषण वाहिनी क्षमतेपलीकडे भारित होता कामा नये, प्रत्येक बसचे, म्हणजे जाळ्यातल्या जोडबिंदूचे, व्होल्टेज ठरलेल्या पट्ट्यात राहिले पाहिजे आणि हे सर्व सांभाळून निर्मितीचा खर्च कमीत कमी आला पाहिजे, असा तो प्रश्न आहे. कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेले आणि १९९७ पासून मोफत मिळणारे मॅटपॉवर हे सॉफ्टवेअर हा प्रश्न उत्तम सोडवते, शिवाय ऑक्टेव्ह या मोफत गणिती प्रणालीवरही चालत असल्याने आमच्यासारख्या महाविद्यालयाला परवान्याच्या खर्चाची चिंता राहत नाही. अडचण एवढीच की, महाराष्ट्राच्या ग्रिडमधल्या ज्या दोन गोष्टी आम्हाला अभ्यासायच्या होत्या, म्हणजे कोयनेचे पाणी आणि चंद्रपूर–पडघे एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची) वाहिनी, त्या तयार ओपीएफमध्ये जशाच्या तशा बसत नाहीत.

माझ्या हाती आलेल्या मॉडेलमध्ये आधीच्या तीन-चार तुकड्यांनी सॉफ्टवेअरच्या मूळ फायलींतच आपापले बदल घुसडलेले होते. नवी आवृत्ती आली की ते सगळे पुन्हा करावे लागत, आणि कोणती ओळ कशासाठी बदलली हे सांगणारे कोणी उरले नव्हते. तुम्ही ते पाहिलेत आणि पहिल्याच दिवशी बजावलेत, "मूळ फायलींना हात लावायचा नाही. आपला नियम बाहेर लिहायचा आणि ठरलेल्या दारातून आत पाठवायचा." मॅटपॉवरमध्ये अशी पाच दारे आहेत: आकडे अंतर्गत रूपात नेताना, गणित मांडताना, उत्तर पुन्हा मूळ रूपात आणताना, निकाल छापताना आणि केस, म्हणजे जाळ्याच्या आकड्यांची फाईल, साठवताना. या प्रत्येक टप्प्यावर आपले फंक्शन बोलावून घेता येते, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहेच. पण पहिला टप्पा वगळला तर पुढचे सारे का कोसळते, ते तुम्ही आमच्या केसवर दाखवलेत. बंद असलेले संच आणि सुटे पडलेले बस अंतर्गत रूपात गाळले जातात, उरलेल्या बसना नवे क्रमांक मिळतात, आणि त्यामुळे आपल्या तक्त्यातला सातवा संच आत सातवाच राहील याची खात्री उरत नाही. मेगावॉटमधली प्रत्येक मर्यादा १०० एमव्हीएच्या आधाराने भागून पर युनिटमध्ये, म्हणजे त्या आधाराच्या पटीत, लिहायची, हेही तुम्ही त्याच बैठकीत वहीत लिहून घ्यायला लावलेत.

खरा कस लागला तो चंद्रपूर–पडघे वाहिनीवर. विदर्भातली कोळशावरची वीज मुंबईच्या दिशेने आणणारी ही ±५०० केव्हीची, १५०० मेगावॉट क्षमतेची आणि सुमारे ७५० किलोमीटर लांबीची वाहिनी मॅटपॉवर दोन काल्पनिक जनित्रांच्या रूपात मांडते. एक चंद्रपूरला वीज खेचून घेते, दुसरे पडघ्याला ती सोडते, आणि पोहोचलेली वीज म्हणजे निघालेली वीज वजा स्थिर तूट वजा प्रवाहाच्या प्रमाणातली तूट, या एका समीकरणाने ती दोघे बांधलेली असतात. सक्रिय शक्तीपुरते, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेपुरते, हे चोख आहे. परंतु निकालाचा कागद हाती घेऊन तुम्ही खर्चाकडे न पाहता थेट पडघ्याच्या टोकाच्या, काम न करता व्होल्टेज सावरणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा आकडा पाहिलात आणि म्हणालात, "हे टोक व्होल्टेज सावरायला रिअ‍ॅक्टिव्ह पुरवते आहे. थायरिस्टरचे कन्व्हर्टर असे करत नाहीत." सॉफ्टवेअर दोन्ही टोकांना दिलेल्या मर्यादेत हवी तेवढी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर देण्या-घेण्याची मुभा देते. प्रत्यक्षात या पद्धतीचे कन्व्हर्टर (एसी आणि डीसी यांत रूपांतर करणारी टोकांवरची यंत्रे), पाठवणारे असोत की घेणारे, रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषूनच घेतात, आणि तीही साधारणपणे सक्रिय शक्तीच्या ५० ते ६० टक्के. ती भागवायला फिल्टर आणि कपॅसिटर वेगळे बसवावे लागतात. तुम्ही सुचवलेला उपाय दोन ओळींचा होता. प्रत्येक टोकाची रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर सक्रिय शक्तीच्या ठरावीक पटीला बांधणारे एक-एक रेषीय बंधन घालायचे आणि फिल्टर बसवरच्या शंटमध्ये (बसला जोडलेल्या स्थिर उपकरणांच्या नोंदीत) दाखवायचे. हे केल्यावर मुंबईच्या बाजूचे व्होल्टेज खाली आले, जवळच्या औष्णिक संचांना रिअ‍ॅक्टिव्हचा भार उचलावा लागला आणि एकूण खर्च वाढला. मॉडेल आता महाग उत्तर देत होते, पण ते नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला पटेल असे होते. आकडे पाहून ग्रिड ओळखणारी नजर आमच्या अभ्यासक्रमात कुठेच शिकवली जात नाही, हे इथे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

कोयनेचा प्रश्न निराळा होता. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट असली तरी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे, आणि एका तासाच्या ओपीएफला वर्षाची मर्यादा दिसतच नाही; त्याला पाणी फुकट वाटते, म्हणून ते सगळे संच पूर्ण क्षमतेने चालवून मोकळे होते. यावर तुम्ही सुचवलेली युक्ती आमच्यापैकी कोणाला सुचली नसती. एकाच केसमध्ये संपूर्ण जाळ्याच्या २४ प्रती ठेवायच्या, एकमेकींना कोणत्याही वाहिनीने न जोडलेल्या, प्रत्येकीची मागणी त्या-त्या तासाची आणि प्रत्येकीला स्वतःची संदर्भ बस, जिच्यावरून बाकीच्या बसचे कोन मोजतात. मग पोफळीच्या, म्हणजे कोयनेच्या वरच्या टप्प्यांच्या, संचांची २४ तासांची बेरीज दिवसाच्या वाट्याच्या आत राहील असे एकच बंधन सगळ्या प्रतींवर ताणायचे. वरच्या टप्प्यांतले पाणी कोळकेवाडीला अडवून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज बनते, तेव्हा त्या टप्प्याच्या, म्हणजे अलोऱ्याच्या, निर्मितीसाठी पोफळीशी जोडलेले दुसरे बंधन आले. या जोडण्या लागताच कोयना आपोआप संध्याकाळच्या कमाल मागणीकडे सरकली.

त्या बंधनाची छाया-किंमत कशी वाचायची, यावर तुम्ही घेतलेला वेळ मी विसरणार नाही. आलेला आकडा १०० ने भागला की मेगावॉट-तासाचे रुपये मिळतात, आणि त्या दिवशी कोयनेत एक मेगावॉट-तासाचे पाणी जास्त असते तर किती रुपयांची औष्णिक वीज वाचली असती, ते कळते. एका विद्यार्थ्याने पावसाळ्यातल्या दिवसासाठी आलेले शून्य दाखवून पाण्याला किंमत नाही असे म्हटले, तेव्हा तुम्ही त्याला समजावलेत की त्या दिवशी बंधन आड आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मे महिन्यातला दिवस घालून पाहा, असेही तुम्ही सांगितलेत.

प्रत्येक नवे बंधन आधी नऊ बसच्या लहान केसवर तपासायचे, आणि मर्यादा मुद्दाम अतिशय सैल ठेवली असता मूळ ओपीएफचेच उत्तर दशांशापर्यंत परत मिळते की नाही ते पाहायचे, हा तुमचा दंडक आता आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेला आहे.

संच चालू-बंद करण्याचे निर्णय या मांडणीत येत नाहीत, हे तुम्ही स्पष्ट केले होते. त्यासाठी मॅटपॉवरसोबतच मिळणाऱ्या मोस्ट या वेळापत्रक आखणाऱ्या साधनाकडे वळायचे ठरवले आहे. तिथे जाळे डीसी पद्धतीने, म्हणजे व्होल्टेज स्थिर धरून आणि फक्त सक्रिय शक्ती मोजून, सरळ केलेले असल्याने पडघ्याचा रिअ‍ॅक्टिव्हचा प्रश्न त्यात मांडता येणार नाही आणि त्याची पडताळणी एसी ओपीएफवर वेगळी करावी लागेल. त्या कामासाठी पुन्हा तुमच्या दारात यावे लागणार, याची पूर्वसूचना या पत्रातच देऊन ठेवते. तुमची हस्तलिखित टिपणे टंकलिखित करून विद्यार्थ्यांना वाटण्याची परवानगीही कृपया द्यावी.

आपली नम्र,
विद्युत अभियांत्रिकीची एक अध्यापिका