त्या गुरुवारी तुम्ही ‘माई’ म्हणालात

मॅडम,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, हे ठाऊक आहे. पण हे पत्र पाकिटात घालून तुमच्या समुपदेशनाच्या खोलीत गुपचूप टेबलावर ठेवायलाही मन होईना. चार लोकांनी वाचावं असं वाटतं.

येत्या पौषात माईला जाऊन वर्ष होईल. ती माझी मावशी. तिला मूल नव्हतं आणि मी आमच्या घरातली चौथी मुलगी. तीन महिन्यांची असताना आईने मला तिच्या ओटीत घातलं. मिरजेच्या दोन खोल्यांत, शिलाई मशीनच्या आवाजात मी वाढले. लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करून माईने मला इंजिनिअर केलं. डोळे अधू झाल्यावर दोरा ओवायला मला हाक मारायची आणि ओवून दिला की सुई घेता घेता माझी बोटं क्षणभर धरून ठेवायची.

ती गेली त्या सोमवारी दुपारी तिचे दोन फोन येऊन गेले होते. मी मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी निवांत बोलू म्हटलं. संध्याकाळी फोन शेजारच्या काकूंनी उचलला.

मग जो तो मला नातं समजावून सांगू लागला. ऑफिसात रजा मागितली, तर ‘मावशी यादीत बसत नाही’ म्हणाले. गुरुजी म्हणाले, मावशीचं सुतक दहा दिवसांचं नसतं. अग्नी तिच्या पुतण्याने दिला, मी मागे बायकांत उभी होते. झोप गेली. गॅसवर दूध ठेवून मी तिथेच उभी असायचे आणि ते उतू गेलेलं मला दिसायचं नाही. तेव्हा एका समुपदेशकांकडे गेले. त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, “सख्खी आई हयात आहे ना?” मी हो म्हटलं. “मग आता त्यांच्याकडे लक्ष द्या.” आणि चांगल्या झोपेच्या सवयींचा छापील कागद हातात दिला. बाहेर रांग होती, मान्य आहे. पण त्या वीस मिनिटांत त्यांनी एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते मला आजही लागतं. दुसऱ्या ठिकाणी ऐकून घेतलं, पण समोरच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मी रडत होते आणि माझं रडणं भिंतीवर आपटून परत येत होतं.

तुमच्याकडे आले तेव्हा कसलीच आशा नव्हती. नवऱ्याने वेळ ठरवली म्हणून आले.

सहाव्या की सातव्या भेटीत तुम्ही सहज विचारलंत, “मावशींचा फोन घेतला नाही, याचा अपराधीपणा वाटतो का?” प्रश्न बरोबरच होता. पण ‘मावशी’ शब्द कानावर पडला आणि माझ्या आत काहीतरी मिटलं. मी “हो, थोडा” म्हटलं आणि उरलेला वेळ ऑफिसच्या कामाबद्दल बोलत राहिले. घरी जाताना रिक्षात ठरवून टाकलं, आता पुन्हा यायचं नाही. तरी पुढच्या गुरुवारी आले, कारण न येण्याचं कारण सांगायची हिंमत नव्हती.

मी पर्स खाली ठेवायच्या आत तुम्ही बोललात. “मागच्या वेळी मी ‘मावशी’ म्हणाले. तुम्ही पहिल्या दिवसापासून ‘माई’ म्हणता. त्यानंतर तुम्ही माझ्यापासून लांब गेलात असं मला वाटलं. चुकलं माझं. माईंबद्दल पुन्हा विचारू का?”

मॅडम, माई गेल्यापासून तिला तिच्या नावाने हाक मारणारं पहिलं माणूस तुम्ही होतात. मी किती वेळ रडले, मला आठवत नाही. तुम्ही खुर्ची जराशी पुढे ओढलीत, एवढं आठवतं.

खूप दिवसांनी मी तुम्हाला विचारलं, हे असं माफी मागणं तुमच्या शिक्षणात असतं का? तुम्ही म्हणालात, “चुकले म्हणून मागितली. पण हो, आमच्या पद्धतीत याला महत्त्व आहे.” मग तुम्ही रिलेशनल पद्धतीबद्दल, म्हणजे उपचार करणारा आणि समोरचा माणूस यांच्यातल्या नात्यातूनच काम करण्याबद्दल, थोडं सांगितलंत आणि बाकीचं मी वाचत गेले. बुडापेस्टचे मनोविश्लेषक फेरेन्झी, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचे जवळचे सहकारी. त्यांनी 1932 साली सहकाऱ्यांसमोर मांडलं की उपचार करणाऱ्याने आपली चूक कबूल केली, तर रुग्णाचा विश्वास बसतो. फ्रॉइडना ते भाषण पसंत नव्हतं. पुढच्याच वर्षी फेरेन्झी गेले. 1970च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना सांगितलं, थोडा वेळ बाळासमोर चेहरा निर्विकार ठेवा. बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला परत बोलवू पाहत आणि मग हिरमुसून मान फिरवत. ते वाचताना मला तो रेष न हललेला चेहरा आठवला. चांगल्या आयांचे आणि बाळांचे सूरही सारखे जुळलेले नसतात, ते तुटतात आणि पुन्हा जुळवले जातात, हेही त्याच माणसाच्या कामातून कळलं. तुम्ही त्या गुरुवारी तेच केलंत.

आणि माझी आयुष्यभराची खोड तिथे, तुमच्या-माझ्यामध्येच सापडली. दुखावलं की मी भांडत नाही. ‘काही नाही’ म्हणते आणि हळूच दार लावून घेते. नवऱ्याशी पंधरा वर्षं हेच केलं. तुम्ही ते त्याच्या किंवा माझ्या बालपणाच्या गोष्टीत शोधत बसला नाहीत. “माझ्याशीही तुम्ही असंच केलंत,” एवढंच म्हणालात. त्या आठवड्यात मी घरी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं की अंत्यविधीच्या दिवशी तो फोनवर बोलत बाहेर उभा होता, ते मला लागलं होतं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मला आत यायचा धीर होत नव्हता.”

शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात. आपल्यापेक्षा पिचलेल्या माणसासमोर, कुणी न मागता ‘माझं चुकलं’ म्हणणारी फार थोडी. घरातली मोठी माणसं म्हणत नाहीत, साहेब म्हणत नाहीत, डॉक्टर तर नाहीच. तुम्ही म्हणालात, आणि तुमचं काहीही कमी झालं नाही. माझ्या मनात तुम्ही त्या दिवशी मोठ्या झालात.

वर्षश्राद्धाचं पुतण्याशी बोलले. माईचं पान मी वाढणार म्हटलं. तो लगेच हो म्हणाला. तिला आवडायची तशी शेंगदाण्याची चटणी मिरजेहूनच कुटून आणणार आहे.

गुरुवारी पाचला येते.

तुमची कृतज्ञ,
माईची मुलगी