पहिली गोधडी: सुमीला पत्र

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. सुनेचे दिवस भरत आलेत आणि तुला सासूबाईंच्या लुगड्यांची डबलबेडची गोधडी शिवायची आहे, तीही पहिलीच! बेत छान, पण डबलबेड डोक्यातून काढ. तेवढी गोधडी ओली झाली की तुझ्या एकटीच्यानं उचलायचीसुद्धा नाही. आधी बाळाची कर. पाचवारीचे चार थर केलेस की साधारण साडेचार फूट लांब, पावणेचार फूट रुंद तुकडा होतो. नऊवारीचे सहा थर केलेस तरी मापं जवळपास तीच. चार वर्षांचं होईस्तोवर पोर तीच पांघरेल.

खरं काम कापड निवडण्यात आहे. सगळी लुगडी बाहेर काढ आणि एकेक उजेडासमोर धर. जिथं उजेड जाळीसारखा आरपार येतो ते विरलेलं कापड आतल्या थरात. दोन्ही हातांनी ताणून फाटत नाही ते वरखाली. नायलॉन, जॉर्जेट नकोच. सुईखाली सरकतात आणि घाम टिपत नाहीत. जरीचे काठ बाळाला टोचतात, ते आधीच उसव. लाल-हिरव्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघ, रंग गेला तर ते बाजूला ठेव. पाठीला नवं मांजरपाट लावणार असशील तर आधी दोनदा धू. ते आटतं, जुनं आटत नाही, मग गोधडीला पोक येतं.

आता कच्चे टाके. यात घाई करायची नाही. फरशी पुसून थर अंथर, हातानं सुरकुत्या बाहेर सार आणि मधून कडेकडे वीतभर अंतरानं लांब टाके घाल. हे का, तर आपला धावदोरा उलटा जातो: कडेनं सुरू होऊन फेऱ्या मारत मध्यावर येतो. थर नीट टाचले नसले की सगळा ढिलेपणा शेवटी मधोमध जमतो आणि फुगा येतो. तो मग उसवल्याशिवाय जात नाही.

सुई लांब, पण मध्यम जाडीची. दाभण घेऊ नकोस, भोकं राहतात. दोरा जाड सुती, हातभरच घे, गाठ थरांच्या आत लपव. टाका तांदळाएवढा, दोन ओळींत एका बोटाच्या रुंदीएवढं अंतर. बोटात अंगुस्तान घाल, उगाच शौर्य नको! मशिनीवर मारू नकोस असं मी म्हणेन. लवकर होते, पण पुठ्ठ्यासारखी ताठ होते.

कोपऱ्यांना उरलेल्या खणाचे त्रिकोण लाव. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात, त्यांच्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कोपऱ्यांत चिंध्यांची फुलं बसवतात, फुलांशिवाय तिला उघडी समजतात. मला हा हट्ट फार आवडतो.

पहिल्या धुण्यानंतर ती चुरगळल्यासारखी दिसेल. घाबरू नकोस, इस्त्रीही करू नकोस. ते तसंच हवं.

कोणतं लुगडं ठरतंय ते कात्री लावण्याआधी कळव. ते जांभळं चौकड्याचं असेल तर आत घालू नकोस गं, वरच राहू दे. तिकडे अंगुस्तान मिळालं नाही तर इथून धाडते.

तुझी,
शकू