एका चुकलेल्या ठोक्याविषयी, आणि स्पीकरविषयीही

नाशिक,
रविवार, रात्र

प्रिय विवेक,

सप्रेम नमस्कार.

होळीपासून मी तुला एक ओळही लिहिली नाही आणि तुझा फोन दोनदा ‘नंतर करतो’ म्हणून ठेवला, त्याचे कारण कामाचा व्याप नव्हे. आपण दोघे ढोल-ताशा पथकातले, तू ताशावर आणि मी ढोलावर, म्हणून तू मला फितूर म्हणशील याची भीती होती. ते तू म्हणणारच आहेस, तेव्हा आता लेखीच देतो : मी डीजे झालो आहे. आईची साखर आटोक्यात आहे, स्मिताचा खांदा बरा आहे, माझे नेहमीचेच. काल महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही, पण तेथपर्यंत पोहोचायचे तर तुला आधी माझे स्पीकरपुराण ऐकावे लागेल.

गाणी मिसळून वाजवायचा कंट्रोलर मी दिवाळीच्या बोनसमधून घेतला. दोन चॅनेलांचा, शिकाऊ माणसाला शोभेल असा. हेडफोन लावून घरी सराव चालला होता तोवर सारे सुरळीत होते. मग मखमलाबादला नंदूच्या पुतणीची हळद ठरली आणि नंदूने पहिली सुपारी मला दिली. (हा शब्द तू ज्या सुरात उच्चारतोस त्याच सुरात येथे वाचावा.) स्पीकर मंडपवाल्याचे होते, १५ इंची आणि बरेच वापरलेले. माझ्या कंट्रोलरला मागे आरसीएचीच, म्हणजे घरातल्या टेपला असतात तसलीच, दोन भोके आहेत. त्यांतून मी १२ मीटरची साधी वायर ओढली आणि ती मंडपातल्या दिव्यांच्या वायरींबरोबरच चिकटपट्टीने बांधून टाकली. गाणे लागण्याआधीच मंडपभर ‘घूंऽऽ’ असा आवाज भरला आणि नंदूच्या आत्याने मोठ्याने विचारले, ‘पिठाची गिरणी कोणी लावली रे?’ ती गिरणी झाकण्यासाठी मी आवाज वाढवत गेलो, कंट्रोलरवरचे लाल दिवे अखंड पेटलेले राहिले, आणि साडेनऊच्या सुमारास डावीकडच्या हॉर्नमधून जळक्या वार्निशचा वास आला. त्यानंतर त्या बाजूने शब्द ऐकू येईनासे झाले, नुसते ‘धब धब’ उरले.

आता कळते ते असे. लाल दिवा म्हणजे जोर नव्हे. तेथे आवाजाच्या लाटेचे माथे छाटले जातात, छाटलेल्या लाटेत वरच्या पट्टीचा भार वाढतो आणि ट्विटरमधली, म्हणजे हॉर्नमागच्या वरच्या आवाजाच्या छोट्या स्पीकरमधली, केसासारखी तार तो सोसू शकत नाही. ढोलाचे पान फाटले तर निदान सगळ्यांना दिसते. येथे मंडपवाल्याने दुसऱ्या दिवशी पेटी उघडून ती काळी पडलेली तार माझ्या तळहातावर ठेवली आणि नव्या डायफ्रॅमचे (आतल्या पडद्याचे) पैसे घेतले. त्याचे काही चुकले नाही. लांब वायर ओढायचीच असेल तर ती एक्सएलआरची, म्हणजे तीन पिनांची, बॅलन्स्ड असावी, म्हणजे वाटेत शिरलेला घुमारा पलीकडच्या टोकाला आपोआप वजा होतो, हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर आत्याबाईंची गिरणी बंदच राहिली असती.

तेव्हापासून स्वतःचे स्पीकर घ्यायचे डोक्यात आहे. जवळ ७० हजार आहेत आणि सल्ले त्याहून अधिक आहेत. पहिला दुकानदार मला ‘४००० वॅट’ लिहिलेली पेटी दाखवून थांबेचना. मागची पट्टी वाचली तर तो आकडा क्षणभराच्या उसळीचा होता. सतत किती, याविषयी तेथे अक्षर नव्हते. यामाहाच्या डीबीआर १० या पेटीचे माहितीपत्रक पाहिले, त्यात ७०० वॅटच्या शेजारीच सतत ३२५ असे सरळ छापले आहे. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो जेमतेम ३ डेसिबलने, आणि कानाला दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. मी हे नंदूला समजावत होतो तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे पगारवाढीसारखे.’

अॅम्प्लिफायर वेगळा आणि पेट्या वेगळ्या, असा जुना संच स्वस्तात मिळतो हे खरे. तो मी पाच मिनिटांत बाद केला, कारण जोड्या जुळवण्याची अक्कल मला नाही आणि तिसऱ्या मजल्यावर लिफ्टही नाही. ज्यांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो त्या पेट्यांत तो बनवणाऱ्यानेच जुळवलेला असतो, आणि माझ्यासारखा कोणी लाल दिवे पेटवू लागला तर आतला लिमिटर आवाज मर्यादेत दाबून थोडीफार लाज राखतो. घरी सरावाला ५ इंची मॉनिटर, म्हणजे छोटे स्पीकर, घ्यावेत असेही कोणी सुचवले. चांगली गोष्ट आहे, पण ते खोलीपुरते. हळदीच्या मांडवात त्यांचा आवाज पहिल्या दोन खुर्च्यांनंतर हरवेल. तूर्त हेडफोनच पुरेत.

खरा तंटा १० इंची की १५ इंची (हे आतल्या मोठ्या शंकूचे माप), हा आहे, आणि त्याने माझी झोप उडवली आहे. गिऱ्हाईक पेटीचा आकार बघते. ‘छातीत वाजलं पाहिजे’ हे वाक्य मी या महिन्यात किती वेळा ऐकले ते मोजलेले नाही. उलट त्याच यामाहाच्या मालिकेत १० इंची आणि १५ इंची यांच्या कमाल आवाजात कागदावर फरक आहे १२९ आणि १३२ डेसिबल एवढाच, वजन मात्र साडेदहा किलोवरून १९ किलोंच्या पुढे जाते. १५ इंची खाली अधिक उतरते, हे मान्य. पण स्वस्तातल्या १५ इंचीत वरचा हॉर्न बहुधा लहानच ठेवतात आणि मग मधला पट्टा, जेथे माणसाचा गळा असतो आणि तुझा ताशा असतो, तो धड मोठ्या शंकूला पेलत नाही आणि धड हॉर्नलाही पेलत नाही. शिवाय मोठ्या आवाजाचे मी करू काय? उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल गळतात. एका मीटरवर १२८ डेसिबल देणारी पेटी ८ मीटरवरही ११० देते, आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ ठेवली आहे. १० वाजता बंद करायचेच असते. मी पोलीस चौकीत बसून छाती कोणाची वाजवणार?

तर काल त्या दुकानात दोन्ही जोड्या शेजारी शेजारी लावून घेतल्या, १५ इंची एका कंपनीची आणि १० इंची दुसरीची. दुकानातला मुलगा त्याचे नेहमीचे गाणे लावणार होता. मी त्याला थांबवले, कारण ज्या आवाजाची खरी ओळख आहे तोच लावून पारखावे एवढे शहाणपण आता आले आहे. पेनड्राइव्हवर काय नेले होते, सांग. आपल्या पथकाची २०११ची, गाडगे महाराज पुलाखालची शेवटची तालीम, राजाने मामाच्या रेकॉर्डरवर घाटाच्या पायरीवरून घेतलेली. इतकी वर्षे आपण ती फोनवरच ऐकली, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ढोलाचा खालचा आवाज येतच नाही, नुसती टिपऱ्याची टकटक येते.

आधी १५ इंची. दुकानाची काच थरथरली, दोन गिऱ्हाइके वळली, सारे ढोल मिळून एकच मोठा ‘धुम्म’ झाला आणि तुझा ताशा कढईत मोहरी टाकल्यासारखा तडतडला. मग १० इंची. खालचा दणका कमी, पण डावीकडे तुम्ही ताशेवाले वेगळे उभे राहिलात आणि उजवीकडे आम्ही. अगदी उजव्या टोकाला एक ढोल ‘धब’ असा बसका वाजत होता. त्या संध्याकाळी भुरभुर पावसाने कोणाचे पान उतरले, सैल पडले होते ते तुला आठवतेच. तिसऱ्या हातावरून (म्हणजे ठेक्यावरून) चौथ्या हाताला जाताना तुझा इशारा जागच्या जागी पडला, विवेक. तो ‘धब’ अर्धा ठोका मागून आला. मी मुलाला पाच वेळा मागे घ्यायला लावले. सहाव्यांदा त्याने विचारले, ‘काका, पेटीत काही फॉल्ट आहे का?’

पथकाच्या अण्णांनी त्या रात्री तुला झापले, वाकडी बारवेपासून निघालेल्या मिरवणुकीत तुला पहिल्या रांगेतून मागे टाकले, आणि मी शेजारी उभा राहून ‘हो, ताशा आधी आला’ अशी साक्ष दिली. मी खोटे बोललो नव्हतो, मला तसेच ऐकू आले होते. पण साक्ष चुकीची होती, आणि पुढे तू दर गणपतीत तो विषय काढलास तेव्हा मी हसून तुलाच खोटे पाडले. चूक माझी होती. १५ इंचीमध्ये ती बेमालूम झाकली जाते, म्हणून तीच घ्यावी असेही क्षणभर वाटले, हे तुझ्यापासून कशाला लपवू?

नव्या घराचे समजले, अभिनंदन. वास्तुशांतीला येता आले नाही याचा राग धरू नकोस. मुक्ता पहिलीत गेली ना? तुझ्या डाव्या कानातली शिट्टी अजून वाजते का, ते मात्र नक्की कळव. हळदीनंतर माझ्याही कानांत रात्रभर तीच वाजत होती. कानाला सोसण्याची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, या हिशेबाने १००ला पंधराच मिनिटे मिळतात. आपण सहा-सहा तास उभे असायचो, आणि कापूस घालणाऱ्याला बायल्या कोण म्हणायचे तेही मीच. आता खिशात इअरप्लग असतात.

दुकानदाराकडे पाच हजार ठेवले आहेत, पण पावतीवर कोणती जोडी ते लिहू दिलेले नाही. माझा कल १० इंचीकडे आहे : यंदा ती जोडी घ्यावी, स्टँडवर डोक्यांच्या वर चढवावी, छातीवाल्यांसाठी गरजेपुरता बेस (नुसत्या खालच्या आवाजाचा स्पीकर) भाड्याने आणावा, आणि पैसे साठले की पुढे स्वतःचा घ्यावा. पण स्मिता म्हणते की छोट्या पेट्या बघून कोणी सुपारीच दिली नाही तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुझा उजवा कान अजून शाबूत आहे आणि तुला माझ्या धंद्याची काडीचीही कदर नाही, म्हणजे निवाडा निःपक्षपाती होईल. दुकानदाराने पुढच्या शनिवारपर्यंत दोन्ही जोड्या राखून ठेवायचे कबूल केले आहे. शुक्रवारी रात्रीची गाडी धर, मी द्वारका चौकात घ्यायला येतो. पेनड्राइव्ह माझ्याकडेच आहे. तिसऱ्या हातानंतरचा तो तुकडा तू स्वतः ऐक आणि मग मला काय म्हणायचे ते म्हण.

तुझा,
सुधीर